घरचें आरोग्य : हिरवा पेला कोणाच्या हातीं?

गेल्या दिवाळींत पुण्याहून धाकटी सूनबाई आमच्या धनजच्या घरीं आली, ती फराळाच्या डब्यांबरोबर एक नवें खूळही घेऊन आली, असें निदान पहिल्या दिवशीं आम्हां वडीलधाऱ्यांस वाटलें. पाडव्याच्या सकाळीं चहाचें आधण चढण्यापूर्वींच ती परसांत गेली. मूठभर सांभार, पुदिन्याचीं दहापांच पानें व शेवग्याचा कोवळा पाला खुडून घेऊन आली. (पुण्यामुंबईकडील भगिनींनीं सांभार म्हणजे कोथिंबीर असें समजावें, इडलीबरोबरचें सांबार नव्हे.) त्यांत तिनें एक पेरू चिरून टाकला, आणि मिक्सरचा असा कांहीं घरघराट केला कीं देवघरांत संध्येला बसलेल्या आमच्या घरच्यांनीं मध्येंच डोळे उघडले. थोड्या वेळानें प्रत्येकाच्या हातांत एक हिरवागार पेला आला.

"याला स्मूदी म्हणतात, आई," सूनबाई मला म्हणाली. "रोज सकाळीं एक पेला घेत जा. प्रकृतीला चांगला."

नातवंडांनीं नाकें मुरडलीं. ह्यांनीं एक घोट घेतला व अगदीं गंभीर मुद्रेनें विचारलें, "सांभाराच्या चटणींत आज पाणी अधिक पडलें काय?"

सर्वजण हंसले, मीही हंसलें. परंतु पेला रिकामा केला. चव वाईट नव्हती. सूनबाई भाऊबीज आटोपून पुण्यास परतली, पण तो पेला आमच्या घरांत राहिला. त्यास आतां आठ महिने होत आले. तो खूळ म्हणून टाकून द्यावा इतका वाईट नाहीं, व अमृत म्हणून डोक्यावर घेऊन नाचावें इतका थोरही नाहीं, असें माझें मत झालें आहे. परंतु त्याच्या निमित्तानें माझ्याच घरांतील माझी एक मोठी चूक माझ्या दृष्टीस पडली. ती सांगितल्यावांचून आजचा लेख पुरा व्हावयाचा नाहीं; म्हणून ती योग्य ठिकाणीं सांगेनच.

प्रथम हा पदार्थ काय आहे, तें पाहूं. फळें व दूध फिरत्या पात्यांच्या यंत्रांत घुसळून पिण्याची चाल अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत, अशीं यंत्रें बाजारांत आलीं तेव्हां पडली. त्यांत कच्चा हिरवा पाला घालण्याचा प्रघात मात्र बराच अलीकडचा. मूळच्या रशियांतील पण अमेरिकेंत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बूटेन्को या बाईंनीं २००५ सालीं या विषयावर एक पुस्तक लिहिलें, आणि त्यानंतर हा प्रघात पुष्कळ देशांत पसरला.

नांव परकें असलें तरी कल्पना आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. आयुर्वेदांत औषधी वनस्पतींपासून कल्प करण्याच्या पांच रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट. पाला कुटून फडक्यांतून पिळून काढला कीं झाला स्वरस. चोथ्यासकट बारीक वाटला कीं झाला कल्क. सूनबाईचा पेला हा स्वरस नव्हे. तो पाण्यांत सैल केलेला कल्क होय. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. रस गाळून घेतला कीं चोथा केरांत जातो, आणि पोट साफ ठेवणारे, फळांतील साखर रक्तांत एकदम शिरूं न देणारे तंतू त्या चोथ्यांतच असतात. यास्तव पहिला नियम असा कीं, हा पेला गाळावयाचा नाहीं. घशाखालीं उतरत नसेल तर अधिक बारीक वाटावा, अधिक पाणी घालावें. पण गाळणी दूर ठेवावी.

आतां कोणी आजीबाई विचारतील कीं, आम्ही जन्मभर पातळ भाजी खाल्ली, पाट्यावर वाटलेली हिरवी चटणी खाल्ली. आमचें काय अडलें? त्यांचें कांहीं अडलें नाहीं, हेंच उत्तर खरें. ज्या घरांत रोज एक पालेभाजी होते व ती सर्वांच्या पानांत पुरेशी पडते, त्या घरास पेल्याची गरज नाहीं. पेल्याचा विशेष इतकाच कीं, पाला फार शिजविल्यानें व शिजविलेलें पाणी ओतून दिल्यानें जीं जीवनसत्त्वें कमी होतात, तीं त्यांत बव्हंशीं टिकतात. आणि जीं माणसें भाजीकडे पाहून तोंड फिरवितात, त्यांच्याही पोटांत मूठभर पाला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जी आहाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तींत मध्यम प्रमाणांत खाणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळें असावींत असें सांगितलें आहे. आपल्या पानांतील भाजी एकदां तराजूंत घालून पाहावी. मीं घातली होती. सकाळची व रात्रीची मिळून ती निम्मीही भरली नाहीं, आणि तींतही बटाटाच पुष्कळ होता.

हें लिहितांना मला थोडी लाज वाटते, कारण आमचें गांव कांहीं पाल्यास पारखें नाहीं. धनज हें कारंजा तालुक्यांतील गांव, जिल्हा वाशीम. १९९८ पूर्वीं, वाशीम जिल्हा निराळा होण्याआधीं, आम्ही अकोला जिल्ह्यांत मोडत होतों. भोंवतालीं कपाशी, तूर, सोयाबीन, हिवाळ्यांत हरभरा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत शेतांतून परतणाऱ्या बाया ओट्यावर टोपली ठेवीत, तींत ऋतूप्रमाणें निराळा पाला असे. पावसाळ्याच्या आरंभीं कोवळा तरोटा, ज्यास कोंकणांत टाकळा म्हणतात. मग अंबाडी, घोळ, तांदुळजा. थंडींत चंदनबटवा, करडईचा पाला, हरभऱ्याचे शेंडे. उन्हें तापूं लागलीं कीं बारीक पानांची चिवळ. माझ्या सासूबाई हरभऱ्याचा पाला सावलींत वाळवून डब्यांत भरून ठेवीत व उन्हाळ्यांत त्याची डाळ घालून भाजी करीत. भाद्रपदांत ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावांचून पिकलेल्या भाज्या शोधण्याच्या निमित्तानें घरांतील मुलींस दहा प्रकारचा पाला ओळखावयास येत असे. माझ्या नातीस दोन ओळखतां येतात : मेथी आणि पालक.

तेव्हां पालक म्हणजेच पाला, ही समजूत सोडून द्यावी. पेल्यांत घालण्यास सांभार व पुदिना उत्तम. कोवळी मेथी थोडी. शेवग्याचा कोवळा पाला तर आमच्या आडाजवळच्या झाडावर बारा महिने. हिवाळ्यांत हरभऱ्याचे शेंडे घालावे, ते आंबटसर लागतात. पालक घालावा, पण तोच एक रोज घालूं नये. याचें कारण पुढें सांगेन. अळू कच्चें मुळींच घालूं नये, घसा धरतो. तरोटा व अंबाडी हीं शिजवूनच खावयाचीं. त्यांची भाजीच करावी.

आमच्या घरीं चार माणसांचा पेला होतो तो असा. दोन मुठी सांभार, वीसएक पानें पुदिना, आणि शेवग्याचा मूठभर पाला उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुचकळून काढलेला. हिवाळ्यांत दोन पिकलेले पेरू किंवा चार संत्रीं. संत्र्याच्या बिया मात्र काढाव्या, नाहींतर सर्व कडू होतें. उन्हाळ्यांत एक लहान कैरी व दोन केळीं. पावसाळ्यांत केळीं व लिंबू. आवळे मिळतील त्या दिवसांत एक आवळा. रात्रीं भिजत घातलेले मूठभर शेंगदाणे अवश्य घालावे. पाल्यांतील पिवळें रंगद्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें अंगीं लागण्यास थोडी स्निग्धता लागते. चिमूटभर जिरेपूड व सैंधव. साखर नाहीं, मध नाहीं, बर्फ नाहीं. चार पेले पाणी घालून बारीक वाटावें व लगेच घोट घोट प्यावें. सकाळचा पेला दुपारपर्यंत ठेवूं नये. वाटलेला पाला उष्ण दिवसांत लवकर बिघडतो.

यांत दूध नाहीं, हें कांहीं भगिनींच्या लक्षांत येईल. सूनबाईनें पहिल्या दिवशीं घालावयास घेतलें होतें, मीं हात धरला. शेवगा, मुळा, तुळस यांसारख्या वस्तूंवर दूध पिऊं नये असें चरकसंहितेंत विरुद्धाहाराच्या प्रकरणीं सांगितलें आहे. आजचें शास्त्र तसें म्हणत नाहीं. पण तें एवढें सांगतें कीं दुधांतील चुन्याचा अंश त्याच वेळीं खाल्लेल्या लोहाच्या शोषणास आडवा येतो. कारणें निराळीं, सल्ला एकच. दूध रात्रीं घ्यावें.

कोणतीही गोष्ट चार दिवस करणें सोपें, चार महिने करणें कठीण. आमच्या घरीं हा पेला टिकला, त्याचें श्रेय कोणाच्या निग्रहास नाहीं; तुळशीस आहे. तुळशीला पाणी घातलें कीं त्याच वाटेनें परसांत जावयाचें व पाला खुडावयाचा, असा परिपाठ आम्हीं पाडला. नवी संवय जुन्या संवयीच्या शेपटीस बांधली कीं ती आपोआप ओढली जाते. ज्या भगिनींस परसू नाहीं, त्यांनीं गच्चीवर किंवा खिडकींत तीन कुंड्या ठेवाव्या : एक पुदिन्याची, दोन सांभाराच्या. धने हातानें दुभंगून पेरावे व दर पंधरवड्यास एक कुंडी नवी पेरावी, म्हणजे पाला तुटत नाहीं. रोज बाजारांतून आणूं म्हटलें तर आठव्या दिवशीं पेला बंद पडतो, हा माझा अनुभव आहे.

येथपर्यंत सर्व गोड वाटलें असेल. आतां माझी चूक.

आमच्या घरीं आम्ही दोघें, थोरला मुलगा, थोरली सूनबाई व दोन नातवंडें. पाला खुडणें, धुणें, वाटणें हें सर्व थोरली सूनबाई करी. पेले मी मांडीत असें. पहिला ह्यांचा, मग मुलाचा, मग नातवंडांचे, शेवटीं माझा. मिक्सरच्या भांड्यांत पांचच पेले मावत, म्हणून पांचच होत. मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. माझ्या सासूबाईही अशाच मांडीत असत.

माघ महिन्यांत थोरली सूनबाई माडीवर जातांना मध्येंच थांबूं लागली. चेहरा फिकट दिसूं लागला. मीं म्हटलें, जाग्रणें झालीं असतील. मग एके दिवशीं कपडे वाळत घालतांना तिला घेरी आली, तेव्हां आम्ही तिला अमरावतीस एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलों. रक्त तपासलें, हिमोग्लोबिन ८.२ निघालें. बाईमाणसाचें तें निदान १२ असावें.

"घरीं पालेभाजी होते का?" डॉक्टरीणबाईंनीं विचारलें.

मी मोठ्या अभिमानानें म्हणालें, "अहो, आमच्याकडे तर तीन महिने रोज हिरवा रस होतो!"

त्या माझ्याकडे न पाहतां सूनबाईस म्हणाल्या, "तुम्ही किती घेतां?"

सूनबाईनें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि हळूच म्हटलें, "उरला तर घेतें."

वाचकहो, तो एक दिवसही उरला नव्हता. भांडें विसळून तें पाणी ती पीत असे, हें मला मागाहून नातीकडून कळलें.

परत येतांना गाडींत मी फारसें बोललें नाहीं. मीं तिला कधीं उपाशी ठेविलें नाहीं, कधीं टोंचून बोललें नाहीं. पण सहावा पेला मांडावयाचें मला तीन महिन्यांत एकदांही सुचलें नाहीं, ही गोष्ट खरी. आणि जी गोष्ट पेल्याची, तीच भाजीची असणार. सर्वांचीं जेवणें झाल्यावर कढईंत जें राहील, तें तिचें. पालेभाजी शिजून आधींच चवथाई होते. शेवटच्या पानास तिच्यांतलें काय राहत असेल?

हें एका घराचें दुखणें नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. म्हणजे दोन सुना असलेल्या घरांत सरासरीनें एक. आणि हा आंकडा केवळ झोंपड्यांतला आहे, सुशिक्षित घरांतला नाहीं, असें आपलें समाधान करून घेण्यास मला तरी जागा उरली नाहीं.

पाला आणि स्त्रियांचें रक्त यांचा संबंध प्रथम उघड होण्यास आपली मुंबईच कारण झाली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ल्यूसी विल्स नांवाच्या एक इंग्रज डॉक्टरीण १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांस एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होई, व त्यांत पुष्कळ दगावत. त्याचें कारण शोधण्याचें काम त्यांनीं हाफकिन संस्थेंत हातीं घेतलें. कोणत्या बायकांस हा रोग होतो हें पाहतां त्यांस दिसलें कीं, ज्यांच्या आहारांत भाज्या, फळें व सकस अन्न फार थोडें, त्यांसच तो अधिक. पुढें माकडांवर व रोग्यांवर प्रयोग करतांना त्यांस असें आढळलें कीं, किण्वापासून, म्हणजे यीस्टपासून, बनविलेला मार्माइट नांवाचा एक स्वस्त अर्क दिला असतां या बायका झपाट्यानें सुधारतात. १९३१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून त्यास कित्येक वर्षें 'विल्स यांचें द्रव्य' असेंच म्हणत. १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं चार टन पालकाची पानें आटवून एक द्रव्य अगदीं अल्प प्रमाणांत वेगळें काढलें, आणि लॅटिन भाषेंत पानास जो शब्द आहे त्यावरून त्यास फोलिक आम्ल हें नांव दिलें. विल्सबाईंस जें यीस्टमध्यें सांपडलें होतें, तें हेंच होय. आज सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रीस लोहाबरोबर याच द्रव्याची गोळी देतात. २०१८ सालीं सुरूं झालेल्या रक्तक्षयमुक्तीच्या योजनेंत ती चवथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज घ्यावयास सांगितली आहे. मुंबईच्या गिरणकामगार बायकांच्या रक्तांतून निघालेली ही विद्या अशी आपल्या दारांत परत आली आहे. मात्र गोळी असो वा पाला, तो ज्या शरीरास हवा त्या शरीरांत गेला पाहिजे. शेजारच्या पेल्यांत जाऊन तो उपयोगी पडत नाहीं.

आमच्या सूनबाईस डॉक्टरीणबाईंनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनीं रक्त पुनः तपासलें, तें ११.१ झालें होतें. याचें श्रेय मी गोळ्यांस देतें, पेल्यास नव्हे. पाल्यांत लोह असतें, पण त्यांतलें थोडेंच अंगीं लागतें. झालेला रक्तक्षय नुसत्या हिरव्या रसानें भरून काढूं म्हणणें म्हणजे ओंजळीनें विहीर भरण्यासारखें आहे. दम लागणें, फिकटपणा, घेरी हीं लक्षणें दिसतांच रक्त तपासून घ्यावें व डॉक्टरांचें औषध घ्यावें. पेल्याचें काम त्यानंतरचें : भरलेलें रक्त पुनः उतरूं नये म्हणून रोजच्या आहारास हातभार लावणें. त्यांतील पेरू, आवळा किंवा लिंबू यांचें क जीवनसत्त्व पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत करितें. उलट चहा तें अडवितो. म्हणून पेला आणि चहा यांत निदान तासाभराचें अंतर असावें. आमच्या घरीं या नियमावरून जितका वाद झाला तितका वांटणीवरूनही झाला नसता. पण ह्यांनीं शेवटीं चहा एक तास पुढें ढकलला.

आतां सावधगिरीच्या चार गोष्टी. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी वाचाव्या.

पहिली, कडूपणाची. दुधीचा किंवा काकडीचा रस पेल्यांत घालणारीं माणसें पुष्कळ आहेत. दुधी कापल्यावर त्याचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्यावा. २०१० सालीं दिल्लींत एका शास्त्रज्ञांचा कडू दुधीचा रस प्याल्यानें मृत्यु झाला, व त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें कडू लागणारा रस मुळींच पिऊं नये असा इशारा दिला. कडू तें औषध, ही म्हण येथें लावूं नये.

दुसरी, अतिरेकाची. पालकांत ऑक्झलेट नांवाचें आम्लद्रव्य पुष्कळ असतें, व तें मूत्रपिंडांत खड्यांच्या रूपानें सांचूं शकतें. २०१८ सालीं अमेरिकेंतील मूत्रपिंडाच्या रोगांसंबंधीं एका वैद्यकीय नियतकालिकांत एका ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत आली. तिच्या जठरावर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली होती, व औषधेंही चालू होतीं. अशांत तिनें शरीरशुद्धीसाठीं म्हणून हिरव्या पेल्यांचा मारा केला, आणि तिचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. अशी वेळ सर्वांवर येत नाहीं. परंतु ज्यांस मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हा पेला घेऊं नये, आणि इतरांनींही पाला आलटून पालटून घ्यावा. जेवण सोडून नुसत्या पेल्यांवर राहण्याचें व्रत कोणीच करूं नये.

तिसरी, औषधांची. रक्त पातळ ठेवण्याच्या कांहीं गोळ्या असतात. वॉरफरिन व त्या जातीच्या इतर. पाल्यांतील के जीवनसत्त्व या गोळ्यांच्या विरुद्ध काम करितें. घरांत कोणाची हृदयाची झडप बदललेली असेल तर त्यांच्या आहारांत पाला एकदम वाढवूं नये. मधुमेह असलेल्यांनीं फळ निम्मेंच घालावें.

चवथी, स्वच्छतेची, आणि आमच्या भागांत ही सर्वांत मोठी. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. सोयाबीन व कपाशीच्या शेतांत आतां तणनाशकेंही मारतात. ज्या बांधावर पूर्वीं निर्धास्तपणें तांदुळजा खुडला, तेथें आज तो खुडूं नये. पाला घरच्या परसांतला किंवा ओळखीच्या माळ्याचा असावा. तीन पाण्यांनीं धुवावा, शेवटचें पाणी वाहतें असावें. आषाढ-श्रावणांत पाल्यावर चिखल व किडींचीं अंडीं असतात. तेव्हां सर्वच पाला उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुचकळून घ्यावा. थोडें जीवनसत्त्व गेलें तरी चालेल, जंत नकोत. गरोदर बायका व लहान मुलें यांच्याकरितां तर हा नियम बाराही महिने पाळावा. आणि ज्या पाल्याची पुरी ओळख नाहीं, तो कितीही हिरवा दिसला तरी भांड्यांत घालूं नये.

आतां पुनः आमच्या स्वयंपाकघराकडे वळूं. अमरावतीहून आलें त्याच संध्याकाळीं मीं मोठें भांडें मागविलें नाहीं. तेवढ्याच भांड्यांत थोडें पाणी अधिक घालून सहा पेले मांडले, आणि पहिला पेला सूनबाईच्या हातांत दिला. ती संकोचली. "आधीं मामंजींना द्या, आई," म्हणाली. मीं म्हटलें, "त्यांचें रक्त साडेतेरा आहे, ते थांबतील." हे बाहेरून ऐकत होते. आंत आले, सहा पेल्यांकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां सर्वांत लहान पेला स्वतः उचलला. चाळीस वर्षांच्या संसारांत मला त्यांचें इतकें कौतुक क्वचित् वाटलें असेल.

भाजीचाही नियम आतां बदलला आहे. कढई खालीं उतरली कीं प्रथम सहा वाट्या भरावयाच्या, मग पानें वाढावयाचीं. ज्यास अधिक हवी त्यानें दुसऱ्या दिवशीं अधिक पाला निवडावा. नातवास निवडणें जमूं लागलें आहे. देंठें तो फार टाकतो, पण शिकेल.

ज्या घरांत बायका शेवटीं जेवतात त्या घरांत आहारशास्त्राचीं पुस्तकें कितीही आणलीं तरी तीं फडताळांतच राहतात. म्हणून या महिन्यांत माझी भगिनींस एवढीच विनंती आहे. पेला करा किंवा करूं नका. चटणी करा, पातळ भाजी करा, जें आपल्या घरास रुचेल तें करा. पण एक दिवस, कोणास न सांगतां, आपल्या घरांत हिरवी भाजी कोणाच्या पानांत किती पडते, हें शेवटचें पान उठेपर्यंत पाहा. शेवटचें पान बहुधा जिनें ती शिजविली तिचेंच असेल. जें दिसेल तें मला कळविलें तर पुढील अंकीं त्याचा विचार करूं.